सर विल्यम वानलेस आणि छातीच्या विकारांवरील उपचारांची वाटचाल

छातीत पाणी झाले किंवा छातीत पू धरला, असे डॉक्टरांनी सांगितले की घरातील माणसे हादरून जातात. जालना जिल्ह्यातील भोकरदन, अंबड, घनसावंगी, मंठा अशा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर हा अनुभव नवा नाही. हा क्षयच असणार, आता लोक काय म्हणतील, छातीला छिद्र पाडले तर माणूस वाचेल का, अशा शंकांनी मन ग्रासते. या शंकांमध्ये आठवडे निघून जातात, आणि या आजारात आठवडे निघून जाणे हेच सर्वांत घातक असते. अशा रुग्णांसाठी महाराष्ट्राच्या भूमीवर सुमारे चार दशके झटलेल्या एका डॉक्टरांचे जीवन म्हणूनच आजही मार्गदर्शक ठरावे. ते म्हणजे मिरजेचे सर विल्यम जेम्स वानलेस.

वैद्यकीय सेवेची मिशनरी परंपरा जालनेकरांना परिचित आहे. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली आणि पुढे स्कॉटिश मिशनचा दवाखानाही या शहरात रुजला. दक्षिण महाराष्ट्रात वानलेस यांनी जे कार्य केले, ते याच काळातील व याच वृत्तीचे होते. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. पंथ कोणताही असो, आजाऱ्याच्या शेजारी उभे राहणाऱ्या माणसाची आठवण सर्वांनीच जपावी अशी असते.

कॅनडा ते मिरज

वानलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. वैद्यकीय सेवेद्वारे मिशनकार्य करावे हा निश्चय तरुणपणीच झाल्याने त्यांनी न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेतले. 1889 साली पदवी मिळताच पत्नी मेरी यांच्यासह ते भारताकडे निघाले. प्रथम सांगली येथे त्यांनी छोटा दवाखाना चालवला आणि नंतर जवळच असलेल्या मिरजेस आपले बिऱ्हाड हलवले.

मिरज त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. येथून रेल्वेचे मार्ग फुटत असल्याने दूरदूरच्या रुग्णांना येणे सोपे होते. वानलेस यांनी बाजारपेठेत साध्या जागेत दवाखाना सुरू केला. परदेशी डॉक्टरच्या हातून शस्त्राने कापून घ्यायचे, या कल्पनेनेच लोक बिचकत. परंतु मोतीबिंदूने आंधळा झालेला माणूस पाहू लागतो आणि मूतखड्याने तळमळणारा रुग्ण चालत घरी जातो, हे गावोगावी कळू लागले तशी भीती ओसरू लागली. 1894 साली मिरजेत रुग्णालय उभे राहिले.

एकट्या डॉक्टरने कितीही कष्ट केले तरी त्याच्या हाताला मर्यादा असतात, हे वानलेस यांनी लवकर ओळखले. 1897 साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू केली. येथे शिकून तयार झालेले भारतीय तरुण पुढे इतर ठिकाणच्या दवाखान्यांत सेवा करू लागले. प्लेग आणि दुष्काळ यांनी महाराष्ट्र होरपळत असतानाचे हे दिवस होते. 1900 साली कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र आश्रयस्थान उघडण्यात आले. ज्याला घरच्यांनीही दूर केले त्याला जागा द्यायची, हे सूत्र या साऱ्या कार्यात दिसते. सेवेच्या याच काळात पत्नी मेरी यांचे निधन झाले. कोल्हापूर येथील मेरी वानलेस रुग्णालय त्यांचे नाव जपून आहे. एवढा आघात होऊनही वानलेस यांनी कार्य सोडले नाही.

छातीत पू म्हणजे नेमके काय

त्यांच्या शेवटच्या मोठ्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी हा आजार थोडा समजून घेणे आवश्यक आहे. छातीतील पू साधारणपणे दोन ठिकाणी साचतो. पहिले ठिकाण प्रत्यक्ष फुप्फुसाच्या आत असते. न्यूमोनियासारख्या संसर्गात फुप्फुसाचा एखादा भाग सडतो, तेथे पोकळी होते आणि तिच्यात पू भरतो. यास फुप्फुसातील गळू म्हणतात. बेशुद्धी, फिट्स किंवा अति मद्यपान यांमुळे तोंडातील लाळ अथवा उलटी श्वासनलिकेत उतरली, तर असे गळू होण्याचा धोका वाढतो. किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या यांतील जंतूही त्यास हातभार लावतात.

दुसरे ठिकाण फुप्फुसाच्या बाहेर असते. फुप्फुसावर एक पातळ दुपदरी आवरण असते. दोन पदरांच्या मध्ये अगदी थोडा ओलावा असतो, त्यामुळे श्वास घेताना ते एकमेकांवर सहज सरकतात. न्यूमोनिया किंवा क्षयरोगात या पदरांच्या मध्ये पाणी जमते. वेळीच उपचार न झाल्यास त्याचा पू होतो. सुरुवातीला तो पातळ असतो. पुढे त्यात जाळी धरते आणि त्याचे कप्पे पडतात. शेवटी फुप्फुसाभोवती जाड साल तयार होऊन ते आवळले जाते व फुलू शकत नाही. यकृतातील अमिबाजन्य गळू वर फुटूनही पू छातीत येऊ शकतो. अशा रुग्णाच्या खोकल्यातून कधी तपकिरी, चॉकलेटसारखा बेडका पडतो.

थंडी वाजून येणारा व न उतरणारा ताप, एका बाजूला श्वासागणिक टोचणारी वेदना, धाप, घाम आणि झपाट्याने घटणारे वजन ही त्याची लक्षणे आहेत. गळू श्वासनलिकेत फुटल्यास दुर्गंधी येणारा भरपूर बेडका पडतो, कधी त्यात रक्तही असते. न्यूमोनियाचे औषध चालू असताना ताप उतरून पुन्हा चढला किंवा उतरलाच नाही, तर छातीत पू झाला असल्याची शंका घ्यावी लागते.

पुवाला वाट करून देण्याचा प्रश्न

शरीरात कोठेही साचलेल्या पुवाला वाट हवी, हे माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस यांच्या परंपरेतही छातीतील पू बाहेर काढण्याचे वर्णन आढळते. परंतु हाताच्या किंवा पायाच्या गळवाला चीर देणे वेगळे आणि छाती उघडणे वेगळे. छातीच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस फुललेले राहते. छातीला मोकळे छिद्र पडताच बाहेरची हवा आत घुसते आणि फुप्फुस आकसते. आधीच धाप लागलेला रुग्ण अशा वेळी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावू शकतो.

वानलेस यांनी शिक्षण घेतले त्या काळात शल्यचिकित्सक बरगडीचा तुकडा काढून पुवाला वाट करून देत असत. जर्मनीतील डॉक्टर ब्यूलाऊ यांनी दुसरी पद्धत पुढे आणली होती. त्यांनी छातीत नळी घातली आणि तिचे बाहेरचे टोक बाटलीतील पाण्याखाली बुडवून ठेवले. त्यामुळे पू बाहेर येई, पण हवा आत जात नसे. आजही सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात छातीच्या रुग्णाच्या खाटेखाली जी बाटली दिसते, तिचे मूळ या युक्तीत आहे. बाटलीतील पाणी श्वासाबरोबर वर-खाली होताना पाहून नातेवाईक घाबरतात. वस्तुतः नळी मोकळी असल्याची ती खूण असते.

या पद्धतीचे महत्त्व जगाला पटण्यास एक मोठे संकट यावे लागले. 1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. भारतात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले आणि मुंबई इलाख्याला तर तिची भीषण झळ पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत गोवर व फ्लू यांच्यामागून आलेल्या न्यूमोनियाने हजारो सैनिकांच्या छातीत पू झाला. घाईने छाती उघडलेल्या सैनिकांपैकी पुष्कळ दगावत आहेत, हे लक्षात आल्यावर चौकशीसाठी डॉक्टरांचे मंडळ नेमण्यात आले. त्यात डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांचा प्रमुख वाटा होता. सुरुवातीला छाती मोकळी न करता सुईने अथवा बंद नळीने पू काढावा, पोकळी स्वच्छ ठेवून फुप्फुस पुन्हा फुलू द्यावे आणि रुग्णाचा आहार चांगला ठेवावा, असे त्यांनी सुचवले. या उपायांनी काही छावण्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 5 टक्क्यांच्या खाली आले. औषध तेच होते, शस्त्रेही तीच होती. वाट केव्हा आणि कशी करून द्यावी, एवढेच बदलले होते.

तरीही उपचारांना मर्यादा होतीच. त्या काळातील जगप्रसिद्ध वैद्य सर विल्यम ऑस्लर हेदेखील वानलेस यांच्याप्रमाणे ओंटारिओचेच सुपुत्र. 1919 साली ऑक्सफर्ड येथे त्यांना न्यूमोनिया झाला आणि छातीत पू धरला. सुईने पू काढण्यात आला, पुढे शस्त्रक्रियाही झाली, परंतु 29 डिसेंबर 1919 रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांच्या ग्रंथावरून डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या, त्यांनाही या आजाराने सोडले नाही. कारण पुवाला वाट मिळाली तरी रक्तात व फुप्फुसात उरलेल्या जंतूंना मारणारे औषध अजून जगात आले नव्हते.

वानलेसवाडीचे आरोग्यधाम

ऑस्लर यांच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, म्हणजे 1920 साली, सांगली व मिरज यांच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. ज्या परिसरात ते उभे राहिले तो आज वानलेसवाडी या नावाने ओळखला जातो. क्षयरोग्याला त्या काळी घरात ठेवून घेण्यास कोणी धजत नसे. ज्यांना ऐपत होती ते थंड हवेच्या ठिकाणी जात, आणि गरीब मात्र अंधाऱ्या खोलीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात झिजत राहत. अशांना मोकळी हवा, विश्रांती, पोटभर सकस अन्न आणि देखरेख मिळावी, हा या संस्थेचा हेतू होता.

आजच्या वाचकाला हवा, विश्रांती आणि अन्न हे उपचार वाटणार नाहीत. परंतु क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली लावला असला, तरी त्याला मारणारे औषध 1940च्या दशकापर्यंत सापडले नव्हते. तोपर्यंत शरीराची स्वतःची शक्ती वाढवणे हाच आधार होता. काही रुग्णांच्या छातीत मुद्दाम हवा भरून आजारी फुप्फुसाला विसावा दिला जाई, तर काहींच्या बरगड्या काढून क्षयाची पोकळी मिटवली जाई. आरोग्यधामाचा आणखी एक मोठा लाभ होता. रुग्ण वेगळा राहिल्याने घरातील लेकरांना होणारा संसर्ग टळत असे. पुढे याच संस्थेतून वानलेस चेस्ट हॉस्पिटल नावारूपास आले आणि छातीच्या रुग्णांचे हक्काचे ठिकाण बनले.

1928 साली ब्रिटिश सरकारने वानलेस यांना सर हा किताब दिला. त्याच वर्षी सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर त्यांनी मिरजेचा निरोप घेतला. 1928 हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहण्यासारखे आहे. याच वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या नजरेस पेनिसिलिन पडले. ते रुग्णांपर्यंत पोहोचण्यास आणखी बारा-पंधरा वर्षे लागली, आणि क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनचा शोध तर 1943 साली लागला. ही दोन्ही औषधे रुग्णांच्या उपयोगी पडलेली पाहण्यास वानलेस हयात नव्हते. 1933 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात त्यांचे निधन झाले. छातीच्या आजारांशी त्यांनी जी झुंज दिली, ती सारी या औषधांवाचून दिली होती.

त्यांच्यानंतर

वानलेस यांच्या पश्चातही मिरजेचे कार्य वाढत राहिले. 1962 साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी वानलेस रुग्णालयाचा मोठा आधार मिळाला. बाजारपेठेतील साध्या दवाखान्यातून वैद्यकीय नगरी उभी राहिली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

क्षयरोगाच्या उपचारांतही क्रांती झाली, आणि तिचा एक महत्त्वाचा पुरावा भारतानेच जगाला दिला. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रास येथे काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना घरीच ठेवून औषधे देण्यात आली. घरी राहून नियमित औषध घेणारे गरीब रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाले, आणि घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोहोचला नाही. या अभ्यासानंतर जगभरातील क्षयाची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. ज्या दिवसासाठी वानलेस यांच्यासारख्यांनी खस्ता खाल्ल्या, तो दिवस उजाडला. आता रुग्णाने घर सोडून जाण्याची गरज उरली नव्हती.

आज काय करता येते

आज छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी यांतून पू आहे की नाही, व असल्यास किती व कोठे, हे लवकर समजते. गरज पडल्यास सीटी स्कॅन करतात. सुईने थोडा द्रव काढून तपासला की तो साधे पाणी आहे, पू आहे की क्षयाचा आहे, याचा उलगडा होतो. जागा बधिर करून ही सुई टोचली जाते, त्यामुळे तिला घाबरण्याचे कारण नाही.

फुप्फुसातील बहुतेक गळवे केवळ प्रतिजैविकांनी बरी होतात. मात्र औषध अनेक आठवडे घ्यावे लागते आणि ताप उतरला म्हणून ते मध्येच थांबवता येत नाही. आवरणातील पुवाला मात्र औषधाबरोबर वाट करून द्यावीच लागते. सुरुवातीच्या अवस्थेत नळी पुरेशी होते. पुवात कप्पे पडले असतील तर नळीवाटे ते विरघळवणारे औषध सोडतात, किंवा लहान छिद्रांतून दुर्बीण घालून आतील जाळी साफ करतात. फुप्फुसावर जाड साल धरली असेल तर ती सोलून काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. यावरून उशिराची किंमत स्पष्ट होते. पहिल्या काही दिवसांत आलेल्या रुग्णाचे काम नळीवर भागू शकते. महिना-दोन महिन्यांनी आलेल्याला मोठ्या शस्त्रक्रियेखेरीज पर्याय उरत नाही, आणि तोवर अंगातील ताकदही गेलेली असते.

पू क्षयाचा असेल तर क्षयाची औषधे किमान सहा महिने घ्यावी लागतात. ती सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. उपचार घेणाऱ्या रुग्णांना सकस आहारासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये देण्यास सुरुवात झाली आणि नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1000 रुपये करण्यात आली. बालकांच्या न्यूमोनियाला आळा घालणारी न्यूमोकोकल लसही 2021 पासून देशभरातील सरकारी लसीकरणात समाविष्ट आहे. ती वेळेवर दिल्यास छातीत पू होण्याच्या एका महत्त्वाच्या कारणालाच अटकाव होतो.

आपल्या हाती उरलेले कार्य

वानलेस यांच्या काळात रुग्णांकडे धैर्य होते, पण औषधे नव्हती. आपल्या काळात औषधे आहेत, तर अनेकदा रुग्णालयाची पायरी चढण्याचे धैर्य नसते. ऊसतोडीसाठी बाहेर पडलेले कुटुंब खोकला अंगावर काढते. सासरी बोभाटा होईल म्हणून एखादी सून ताप लपवते. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाचा खोकला घरचे गंभीरपणे घेत नाहीत. अशांना हाताला धरून दवाखान्यापर्यंत नेणारा शेजारी, शिक्षक, आशाताई किंवा धर्मगुरू मिळाला तर एक जीव वाचू शकतो.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याची थुंकी तपासून घ्यावी. ताप, धाप आणि एका बाजूच्या छातीत दुखणे ही लक्षणे एकत्र दिसली तर एक दिवसही थांबू नये. अंगारा-धुपारा, छातीला डाग देणे किंवा औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणणे यांत मोलाचा वेळ दवडू नये. दातांची निगा राखावी व व्यसन सोडावे. नळी घातलेल्या रुग्णाला पोटभर अन्न द्यावे, त्याला उठून बसवावे, चालवावे आणि दीर्घ श्वास घेण्याचा व्यायाम करवून घ्यावा. ज्याला छातीचा आजार झाला त्याचे ताट वेगळे मांडण्यापेक्षा त्याच्या औषधाची वेळ सांभाळणे हे अधिक पुण्याचे काम आहे.

वानलेस या भूमीत परके म्हणून आले. येथील माणसांच्या वेदना त्यांनी आपल्या मानल्या, म्हणूनच एका वस्तीला लोकांनी त्यांचे नाव दिले. आपल्या गावात, आपल्या गल्लीत खोकणाऱ्या एका माणसाला वेळेवर उपचारांपर्यंत पोहोचवणे, हीच त्यांच्या स्मृतीला खरी आदरांजली ठरेल.